तीनशेचा प्लॅन, तरी आरती मागेच

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सेक्रेटरी आहेत, खजिनदार आहेत, पाण्याच्या पंपाकडे बघणारा एक जण आहे. नेटकडे बघायला कुणाला नेमलेलं नाही. ते काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं, कारण एकदा गच्चीवरच्या तारांच्या जंजाळातून कुठली तार कुणाच्या घरात जाते ते मी ओळखून दाखवलं होतं. तेव्हापासून कुणाचं नेट गेलं की एक फोन कंपनीला आणि एक मला. बरेचदा मलाच आधी.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अरे, शंभरचा प्लॅन होता तो तीनशेचा करून घेतला. महिन्याला पैसे जास्त मोजतेय. आणि न्यू जर्सीला लेकीशी बोलायला बसलं की चित्र आपलं थिजलेलंच. लुबाडतात रे हे लोक!"

लुबाडणुकीचं नंतर बघू. काकूंनी एक आकडा तिप्पट केला आणि त्रास तसूभरही कमी झाला नाही, तर त्या आकड्याचा त्या त्रासाशी संबंधच नसणार, असा मला पहिला संशय आला.

तो आकडा म्हणजे काय ते आधी बघू. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३०० मेगाबिट. बिट, बाइट नव्हे. आपल्या फोनमधला फोटो, सिनेमा, सगळं बाइटमध्ये मोजलेलं असतं आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ३०० च्या प्लॅनवर सेकंदाला फार तर साडेसदतीस मेगाबाइट उतरतात. कंपन्यांना बिटांतच बोलायला आवडतं. आकडा आठपट मोठा दिसतो, आणि खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे घराघरांत जे मोडेम आले ते फोनच्या तारेवर किंचाळत जोडले जायचे आणि जोडले गेले की घरचा फोन एंगेज. त्यातला सगळ्यात वेगवान ५६ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटांचा. आज व्हॉट्सॅपवर गुड मॉर्निंगचा जो चार एमबीचा फोटो येतो, तो त्यावर उतरवायला नऊ-दहा मिनिटं लागली असती. आजही सरकारी व्याख्येप्रमाणे ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २ एमबीपीएस पुरतात, आणि ही मर्यादासुद्धा २०२३ मध्ये वाढवलेली. त्याआधी ५१२ केबीपीएसवर भागत होतं. चांगल्या स्पष्ट व्हिडिओ कॉलला साधारण दोन-चार एमबीपीएस लागतात, टीव्हीवर एचडी सिनेमा बघायला पाचेक. काकूंच्या घरात माणसं तीन. तिघांनी तीन वेगवेगळे सिनेमे लावले तरी शंभरातले ऐंशी नुसते पडून राहतील.

मग चित्र का थिजतं? त्यासाठी मला २०२० चा गणपती आठवतो.

त्या वर्षी कुणी कुणाकडे गेलं नाही. आम्ही व्हिडिओ कॉलवर आरती करायची ठरवली. डोंबिवलीत आम्ही, सांगलीत मोठे काका, न्यू जर्सीत चुलतबहीण. तबक तयार, निरांजन लावलं, काकांनी सुरुवात केली, आणि दुसऱ्या ओळीपर्यंत अशी काही खिचडी झाली की बाप्पालाही हसू आवरलं नसेल. आम्ही बहिणीसाठी थांबायचो, ती आमच्यासाठी थांबायची. आरती हळू हळू होत गेली, इतकी की शेवटी कीर्तनाची लय लागली. आवाज सगळ्यांचे स्वच्छ होते, चित्र स्पष्ट होतं. एमबीपीएस मुबलक होते. पण टाळी पडत होती ती भलतीकडेच.

हिशेब सोपा आहे. आरतीत मिनिटाला १२० टाळ्या धरल्या, तर दोन टाळ्यांमध्ये अर्धा सेकंद जातो. इथला आवाज तिकडे पोचायला पाव सेकंद लागला, तर आमची टाळी तिला बरोबर दोन टाळ्यांच्या मध्ये ऐकू येणार. ती त्यावर जुळवून वाजवणार, आणि तिची टाळी आम्हाला आणखी पाव सेकंदाने कळणार. म्हणजे पूर्ण एक टाळी मागे. जगातली कुठलीही कंपनी हे दुरुस्त करून देऊ शकत नाही.

हा जो पोचायला लागणारा वेळ, त्याला तंत्राच्या भाषेत लेटन्सी म्हणतात. मी त्याला उशीर म्हणतो. एमबीपीएसचा आकडा मात्र मालाचा आहे: तासाला किती पोचतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या. लासलगावहून कांद्याचा ट्रक निघाला तर पंधरा टन कांदा एका खेपेत वाशीला येतो. माल किती येतोय हे बघितलं तर झकास वाहतूक. पण फोडणी टाकलीय आणि घरात एकच कांदा कमी पडलाय, अशा वेळी तो ट्रक काय कामाचा? तेव्हा शेजारची वहिनी बरी. सिनेमा डाउनलोड करणं हे ट्रकचं काम. व्हिडिओ कॉल, ऑनलाइन गेम, भाजीवाल्याला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देणं, ही सगळी एका कांद्याची कामं आहेत. यूपीआयच्या एका व्यवहारात मोजके केबी इकडून तिकडे जातात. पण ते आपल्या अ‍ॅपकडून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयकडे, आपल्या बँकेकडे, समोरच्याच्या बँकेकडे असे फिरून येतात. तिथे तुमचा प्लॅन ३० चा की ३०० चा, कुणी विचारत नाही. प्रत्येक फेरीला किती उशीर होतो एवढंच महत्त्वाचं.

उशिराला एक तळ आहे. फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो; निर्वात पोकळीतल्या वेगाच्या दोनतृतीयांश. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन परत यायला १२५ मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) लागणारच, तेही तार नकाशावर पट्टी ठेवून ओढली तर. प्रत्यक्षात ती समुद्रातून वळणं घेत जाते, वाटेत यंत्रांचे हात लागतात, अ‍ॅप आवाज-चित्राच्या घड्या घालतं आणि उलगडतं, थोडं साठवूनही ठेवतं. सगळं धरून एका बाजूचा पाव सेकंद सहज होतो. टीव्हीवर कुठल्या तरी लांबच्या ठिकाणी उभा असलेला बातमीदार प्रश्न ऐकून आधी नुसती मान हलवत राहतो, ते आठवा. त्याचा आवाज उपग्रहावरून येत असेल तर तो उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर आहे. वर जाऊन खाली यायला एका बाजूलाच जवळजवळ पाव सेकंद. बिचारा मख्ख नसतो, त्याला प्रश्न अजून पोचलेलाच नसतो.

पण ठरावीक उशिराची माणसाला सवय होते. आपण जरा थांबून बोलायला शिकतो. काकूंचं दुखणं वेगळं होतं. त्यांचा उशीर ठरलेला नव्हता; घटकेत कमी, घटकेत दहापट. व्हिडिओ कॉलला सगळ्यात जास्त मारतं ते हेच.

लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो. काकूंनी पोहे ठेवले होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बेडरूममध्ये बसून पिंग चालवलं. ही छोटीशी आज्ञा माइक म्यूस नावाच्या अमेरिकी माणसाने १९८३ च्या डिसेंबरमध्ये लिहिली. पाणबुड्या शोधायला जो आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून नाव पिंग. दुसरं काही करत नाही ती: समोरच्या यंत्राला "ओ" म्हणते आणि उलट "ओ" यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगते. माझी सवय अशी की पहिली हाक अमेरिकेला मारायची नाही. पहिली हाक घरातल्या राऊटरला. दहा-पंधरा फुटांवरचं यंत्र, एक-दोन मिलिसेकंदात ओ द्यायला हवी.

काकूंच्या राऊटरची उत्तरं आली ती अशी: ४, ६, ३५०, ५, १९०, ७.

म्हणजे घोटाळा घरातच. न्यू जर्सी, समुद्र, कंपनी, कुणाचाच अजून संबंध आलेला नाही. बाहेरच्या खोलीत राऊटरशेजारी उभं राहून स्पीडटेस्ट केली तर २९० दाखवली. कंपनीचा माणूसही तिथेच उभा राहून "बघा काकू, फुल येतंय" म्हणून गेला होता. खोटं नव्हतं बोलला तो. फक्त काकू राऊटरशेजारी उभ्या राहून लेकीशी बोलत नाहीत.

वायफायबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं की राऊटरपासून आपल्या फोनपर्यंत आपली खासगी वाट असते. तसं नाही. वायफाय म्हणजे एका खोलीत भरलेली बैठक आहे, आणि नियम असा की एका वेळी एकानेच बोलायचं. बोलण्याआधी प्रत्येक यंत्र कान देतं: कुणी बोलतंय का? बोलत असेल तर थांबायचं, मग मनात एक आकडा धरून तेवढा वेळ मोजायचा, मग बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया आणि पुन्हा पहिल्यापासून. आता यात तुमच्या घरातले फोन, टीव्ही आणि लॅपटॉप तर आहेतच, पण शेजारच्या, वरच्या, खालच्या आणि समोरच्या विंगमधलेही आहेत, जर त्यांचं आणि तुमचं चॅनेल, म्हणजे रेडिओलहरींची वाट, एकच असेल तर. पासवर्ड वेगळा असला म्हणून हवा वेगळी होत नाही. काकूंच्या बेडरूममध्ये माझ्या फोनवर २३ नेटवर्कं दिसली. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात म्हणायला १३ चॅनेलं आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न जाणारी तीनच: १, ६ आणि ११. तेवीस घरं, तीन बैठका. त्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो. कुणी पापड भाजायला ठेवला की तेवढा वेळ तो बैठकीत येऊन भोंगा वाजवतो.

एक बारकावा मला फार आवडतो. बैठकीत जो लांब बसलाय त्याला ऐकू जावं म्हणून राऊटर त्याच्याशी सावकाश, शब्द सुटे सुटे करून बोलतो. म्हणजे तोच निरोप सांगायला जास्त वेळ. तेवढा वेळ बाकीचे सगळे गप्प. घरातल्या कोपऱ्यातला एक जुना फोन सगळ्यांचं नेट मंद करतो तो असा. दोष त्याचा, आणि बोलणी खातो राऊटर.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, चॅनेलं जास्त, वेग जास्त. पण त्याला भिंत सोसत नाही. विटांची एक भिंत तो कशीबशी पार करतो, आरसीसीचा कॉलम आला की हात टेकतो. धातू तर दोन्ही पट्ट्यांचा वैरी. आणि काकूंचा राऊटर कुठे होता? केबलवाल्या पोराने खिडकीच्या चौकटीतून भोक पाडून तार आत घेतली, तिथेच खाली टेकवला. पुढे काकूंनी तो "बरा दिसत नाही" म्हणून लोखंडी कपाटाच्या मागे सरकवला. कपाटाला बाहेरून पूर्ण उंचीचा आरसा. म्हणजे पत्रा, त्यावर आरशामागचा धातूचा मुलामा, मग भिंत, मग बेडरूम. लपवला तो असा की वायफायलाही सापडेना.

दहा मीटरची तार घातली, राऊटर पॅसेजमध्ये दाराच्या वर उंचावर लावला, फोनला ५ गिगाहर्ट्झवर आणलं. पिंग ३ वर स्थिर. काकूंनी लगेच लेकीला फोन लावला, तिकडे पहाट होती, तीही बिचारी उठली. सगळं छान. मी पोहे खाऊन घरी.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन. "परत तसंच झालं रे."

आता मी बाहेरचा विचार सुरू केला. राऊटरपर्यंत ठीक, मग पुढचा टप्पा फायबर. ही तार म्हणजे काचेचा धागा, १२५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचा, केसापेक्षा फार जाड नाही, आणि प्रकाश त्याच्याही पोटातल्या नऊ मायक्रॉनमधून जातो. तांब्याची तार कशीही वाकवली तरी चालते. काच फार वाकवली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. सोफ्याखाली दाबलेली, खिळ्याभोवती गुंडाळलेली, खिडकीच्या सरकत्या काचेत चेंगरलेली फायबर तुटत नाही, मरगळते. कंपनीची मुलं खिशातल्या छोट्या मीटरने मोजतात आणि आपापसात "पॉवर किती येते?" "मायनस बावीस" असं बोलतात. ते वजा चिन्ह ऐकून घाबरू नका. मायनस बावीस उत्तम, मायनस सत्तावीसच्या खाली गेलं की रडगाणं सुरू. प्रत्येक तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, म्हणून पाच आकड्यांचा फरक किरकोळ नसतो. डब्यावर लॉसचा लाल दिवा लागला तर प्रकाश येतच नाही असं समजायचं आणि राऊटर बंद-चालू करत बसायचं नाही. गणपतीच्या आधी झाडं छाटली जातात, उंच देखावे जायला वाट करतात, तेव्हा आमच्याकडे निम्म्या सोसायटीचे लाल दिवे लागतात. काकूंचा हिरवा होता. मीटरही मायनस एकवीस.

खांबावरच्या एका डबीतून तो एकच धागा ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, हेही सांगून टाकतो. सगळ्यांत मिळून अडीच गिगाबिटच्या आसपास. ६४ गुणिले ३०० केलंत तर ते काही जुळणार नाही. जुळावं अशी अपेक्षाही नसते. सगळे एकाच सेकंदाला ट्रक मागवत नाहीत यावरच हा धंदा उभा आहे. लोकलच्या पासांचा हिशेब यापेक्षा वेगळा कुठे असतो?

मग समुद्र. लोकांना अजून वाटतं की परदेशी नेट उपग्रहावरून येतं. जवळपास सगळं समुद्राच्या तळावरच्या तारांतून येतं, आणि भारतात येणाऱ्या तारांपैकी बऱ्याच मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वाळूतून वर येतात. खोल समुद्रात ती तार बागेला पाणी घालायच्या नळीएवढी जाड. बहुतेक वेळा ती तुटते जहाजाच्या नांगराने किंवा मासेमारीच्या जाळ्याने. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या तारा निकामी झाल्या आणि भारतातलं नेट कित्येक दिवस रांगत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात, सौदीच्या जेद्दाजवळ पुन्हा तसं झालं. पण या खेपेला अनेकांच्या लक्षातही आलं नाही. एक तर वाटा वाढल्यात. एक बंद झाली तर माहिती दुसरीने वळसा घालून येते, फक्त उशीर वाढतो. दुसरं म्हणजे लासलगावचा कांदा आता वाशीतच साठवलेला असतो. मोठ्या व्हिडिओ सेवा आपल्या लोकप्रिय सिनेमांच्या प्रती इथल्या नेट कंपन्यांच्याच इमारतीत, स्वतःच्या यंत्रांवर ठेवतात. तुम्ही रात्री वेब सिरीज बघता ती अमेरिकेतून येत नाही, मुंबईतूनच कुठून तरी येते. म्हणून "सिनेमा झक्क चालतो पण लेकीचा कॉल अडकतो" यात विरोधाभास काही नाही. लेकीची प्रत वाशीत साठवता येत नाही.

काकूंचा त्रास मात्र रोज संध्याकाळी साडेसात ते साडेआठ एवढाच. समुद्रातली तार वेळापत्रक पाळून तुटत नाही.

इथे चौथ्या मजल्यावरचा एक किस्सा मध्येच येतो, कारण त्याच आठवड्यात तिथेही बोलावणं आलं. तिथे व्हॉट्सॅप चालत होतं, पण कुठलीच वेबसाइट उघडत नव्हती. हे लक्षण दिसलं की माझा हात आधी डीएनएसकडे जातो. आपण साइटचं नाव टाइप करतो, पण यंत्रांना लागतो आकड्यांचा पत्ता. नवख्या गावात घर शोधतो तसंच आहे हे: एसटी स्टँडवर विचारलं तर तो म्हणतो वरच्या आळीला जा, वरच्या आळीचा वाणी म्हणतो देवळामागे विचारा, देवळामागचा माणूस नेमकं दार दाखवतो. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ती तशीच चालते. आपल्या वतीने हे विचारत फिरायचं काम सहसा नेट कंपनीचं यंत्र करतं. ते आजारी पडलं की नेट जिवंत असूनही मेल्यासारखं वाटतं. व्हॉट्सॅप तग धरतं, कारण त्याचं दार आधीच उघडलेलं असतं. राऊटरमध्ये जाऊन विचारणारा बदलला, गूगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअर कंपनीचा १.१.१.१ टाकला, की काम होतं. चौथ्या मजल्यावर झालं. तेवढ्या बदल्यात तुम्ही दिवसभरात कुठकुठल्या घरांचे पत्ते विचारता ते गूगललाही किंवा क्लाउडफ्लेअरलाही कळायला लागतं, हेही मी सांगितलं. त्यांनी "कळू दे" म्हटलं.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र यातलीच. भारतात नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॅप एकदम गप्प झालं. देखभाल करताना कंपनीच्याच एका चुकीच्या आज्ञेने त्यांचं अंतर्गत जाळं तुटलं, आणि त्यांच्या घराकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या पाट्या जगभरातून उतरल्या; पत्ता सांगणारी माणसंही त्याच घरात बसलेली. सुमारे सहा तास हे चाललं. त्या रात्री घरोघरी लोक आपापले राऊटर बंद-चालू करत होते.

आणि संध्याकाळी साडेसातला डोंबिवली स्टेशनबाहेर फोनच्या दांड्या पूर्ण दिसत असताना पैसे जात नाहीत, त्याचंही कारण सांगून ठेवतो. दांड्या टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतोय तेवढंच सांगतात. त्या टॉवरपुढे किती हजार माणसं हात वर करून उभी आहेत, ते त्यांना माहीत नसतं. शंभर पावलं चालून गर्दीतून बाहेर पडा, एक दांडी कमी दिसेल आणि पैसे जातील.

तर काकू. चौथ्या संध्याकाळी मी साडेसातलाच जाऊन बसलो. लॅपटॉप तारेने थेट राऊटरला जोडला, वायफायचा प्रश्नच नको. बाहेर गूगलला पिंग लावलं. ४, ४, ५, ४. काकू म्हणाल्या, "तू आलास की बरं चालतं मेलं." तेवढ्यात दार वाजलं. नातू कॉलेजातून आला, सॅक टाकली, लॅपटॉप उघडला, आंघोळीला गेला. पिंग: ९०, २२०, ४८०, ४६५.

नातवाला फोटोग्राफीचा नाद आहे. दिवसभराचे फोटो-व्हिडिओ लॅपटॉप उघडला की आपोआप क्लाउडवर चढायला लागतात. आणि काकूंच्या प्लॅनची बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडलं: ३०० होते ते खाली उतरणारे. वर चढणारे फक्त ३०. पुष्कळ फायबर प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात, या प्लॅनमध्ये नव्हते. लोक चढणीचा आकडा विचारतच नाहीत, कारण जाहिरातीत तो नसतो.

तरी तीसातले दोन-चार काकूंना मिळायला काय हरकत होती? मिळाले असते, राऊटरने रांग नीट लावली असती तर. पोस्टात एकच खिडकी उघडी आहे, तुम्हाला एक तिकीट हवंय, आणि पुढच्या माणसाकडे स्पीड पोस्टाने पाठवायची दोनशे पाकिटं आहेत. पोस्टमास्तर आल्या क्रमाने घेतो. तुमचं काम पाच सेकंदांचं, पण उभं राहावं लागतं दोनशे पाकिटांमागे. स्वस्त राऊटरमध्ये ही रांग मुद्दाम लांबलचक ठेवलेली असते. काही फेकावं लागू नये, हा हेतू चांगला. परिणाम असा की कुणी तरी मोठं काही वर चढवायला घेतलं की घरातल्या सगळ्यांचा उशीर शंभरपट होतो. याला बफरब्लोट म्हणतात, म्हणजे साठवणीला आलेली सूज. उपाय दोन. पोस्टमास्तरने प्रत्येक माणसाचं एकेक पाकीट आळीपाळीने घ्यावं. चांगल्या राऊटरमध्ये ही सोय क्यूओएस किंवा एसक्यूएम अशा नावाने असते. किंवा दोनशे पाकिटंवाल्याने रात्री यावं.

काकूंच्या राऊटरमध्ये ती सोय नव्हती. नातवाने बॅकअप रात्री दोनवर लावला आणि त्याच्या वेगाला २० ची मर्यादा घातली. पिंग ५ वर उतरलं. साडेआठला लेकीचा फोन आला, पाऊण तास चालला. मला मध्ये बोलावून "हा बघ, यानेच दुरुस्त केलं" असं दाखवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी प्लॅन पुन्हा शंभरवर आणायला कंपनीला फोन केला. फोनवरच्या मुलीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, व्हिडिओ कॉल अडकत असेल तर मी तुम्हाला पाचशेचा प्लॅन सुचवेन." काकूंनी तिला विचारलं, "वर किती चढतात त्यात?" बराच वेळ पलीकडून फक्त होल्डचं संगीत येत होतं.